घरची फेरी

आमच्या बागेची आठवण निघाली की नागपुरातली माझ्या वयाची माणसं हळवी होतात आणि मला राग येतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, कुठेही कोणीतरी ओळख काढतं. "तुम्ही उमरेड रोडवरच्या त्या झुल्यांच्या बागेवाल्यांच्या ना? काय मजा होती हो! ती मोराच्या तोंडाची नाव आठवते का?" आठवते. तुमच्यापेक्षा चांगली आठवते, कारण तुम्ही तिच्यात वर्षातून एखाद्या वेळी बसत होतात आणि मी तिला घासत, खरवडत आणि रंगवत होते. पण असं काही मी बोलत नाही. हसते, वाढायला आलेला पापड घेते आणि विषय बदलते. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जोरात आपटली जातात आणि आमचे हे बाहेरच्या खोलीतून विचारतात, "आज कोण भेटलं होतं?"

माझे वडील मूळचे लकडगंजातले लाकडाचे व्यापारी. आजोबांची तिथे आरा मशीन होती, सागाचे ओंडके कापायची. भावाभावांत बिनसलं, वाटण्या झाल्या, आणि बाबांनी आपल्या वाट्याला आलं त्यातून गावाबाहेरची एक पडीक जागा घेतली. बंद पडलेल्या एका फिरत्या प्रदर्शनाचे झुले विकायला निघाले होते, तेही घेतले. आकाशपाळणा, चकरी, लहान मुलांची आगगाडी आणि नाव. आता लोक बोलतात ते असं, की बाग आधी नवी होती आणि मग हळूहळू जुनी झाली. साफ खोटं. आमची बाग जन्मालाच म्हातारी होती. आगगाडीच्या डब्यांवर आधीच्या मालकाने काढलेली फुलं होती, आणि ती खरवडली की त्याखाली त्याच्याही आधीच्या कोणाचा तरी निळा रंग निघायचा.

नाव म्हणजे डोलती नाव. एखादी पंगत बसावी इतकी माणसं तिच्यात मावायची. वर उंचावर एक जाड लोखंडी दांडा आडवा, त्याच्यापासून चार लोखंडी हात खाली आलेले आणि त्या हातांनी धरलेली ही नाव. खाली सिमेंटच्या खड्ड्यात मोटरवर फिरणारं ट्रकचं टायर होतं. ते नावेच्या पोटाला घासून तिला ढकलायचं, आणि थांबवायचं झालं की तेच टायर उलट घासून तिला धरायचं. दोन्ही टोकांना मोराची डोकी होती. ती मूळची नव्हेत. बाबांनी लकडगंजातल्या जुन्या सुताराकडून सागवानात कोरून घेतली होती, आणि खरं सांगायचं तर फार देखणी होती. सगळं प्रेम त्या मोरांवर. ज्यांवर माणसांचा जीव टांगलेला होता त्या चार हातांकडे कोण बघतो!

आम्ही राहायचो बागेतच, तिकिटाच्या खिडकीमागच्या खोल्यांत. रविवारी दिवसभर किंकाळ्यांचा आवाज असायचा. पाहुणे दचकायचे, पण आईला त्या किंकाळ्यांत दुपारची झोप लागायची. नाव मध्येच थांबली आणि सगळं गप्प झालं की मात्र ती खाडकन उठून बसायची. रविवारी स्वयंपाकाला वेळ नसे म्हणून ती सकाळीच मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, गोळाभात लावून ठेवायची. भातात शिजलेले डाळीच्या भरड्याचे गोळे, वरून लाल मिरची आणि मोहरी तडतडलेलं कडक तेल, सोबत चिंचेचं सार. तिकीट फाडणाऱ्यापासून आगगाडी चालवणाऱ्यापर्यंत सगळे एकेक करून येत, उभ्याउभ्या खात आणि हाताला तेल तसंच घेऊन पळत. हिवाळ्यात बागभर संत्र्यांची सालं पडलेली असत. संत्रं आणि ग्रीस यांचा एक मिळून वास होता आमच्या घराला. आजही डिसेंबरात संत्रं सोललं की मला हटकून ग्रीसचा वास येतो, आणि मी ते संत्रं नातवाला देऊन टाकते.

आता बाबांच्या देखभालीबद्दल. बाबांची देखभाल म्हणजे ठोकणं. लाकडाच्या व्यापाऱ्याला कान असतो. ओंडक्याला कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकलं की तो आतून भरीव आहे की पोकळ, हे बाबा डोळे मिटून सांगायचे, आणि त्यात ते कधी चुकले नाहीत. त्या एका हुशारीने आमचं वाटोळं केलं. कारण बागेत आल्यावर त्यांनी लोखंडही तसंच ठोकायला घेतलं. रोज सकाळी हातोडी घेऊन निघायचे, प्रत्येक झुल्याला चारदोन ठिकाणी ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "वाजते चांगलं. पक्कं हाय." रेल्वेवालेही चाकं ठोकूनच बघतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मग काय विचारता! लाकूड खराब झालं की बद्द वाजतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमचं लोखंड तडकलेलं असलं तरी त्यांच्या कानाला ते ठणठणीतच वाजायचं. आणि दुसरी लाकूडवाल्याची सवय म्हणजे रंग. लाकडाला रंग दिला की पाणी आणि वाळवी लांब राहते, म्हणून लोखंडालाही रंग दिला की काम झालं. दर वर्षी पाऊस ओसरला की जुन्या रंगावर नवा रंग. आकाशपाळण्याचे दांडे इतके जाड झाले होते की वेल्डिंगचे जोड कुठे आहेत तेही दिसेनात.

जोडायचं काम गुलाबमामाचं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, जरीपटक्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान. माणूस असा की आल्याबरोबर घरात सण. जिलबीचा पुडा, गाणी, नकला, आम्हा पोरींच्या वेण्या ओढणं. सगळ्यांचा लाडका, माझाही होता. पण काम असं की एका जोडावर दुसरा जोड, त्यावर तिसरा, फोडावर पट्टी मारावी तसं. "मामा, हे हालून राहिलं," म्हटलं की तो म्हणायचा, "हालू दे वं. हालते म्हणून तं जित्तं हाय. चालून जाते." चालून जाते! बाबा ठोकायचे आणि मामा म्हणायचा चालून जाते, या दोन खांबांवर आमची सगळी बाग उभी होती. पुढे आयुष्यभर मला हे दोन शब्द भेटत राहिले. लिफ्टवाल्याकडून, गॅसच्या नळीवाल्याकडून, परवा आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली उभ्या असलेल्या ठेकेदाराकडून. ते ऐकले की अजून माझं डोकं फिरतं. त्या ठेकेदाराला मी इतकं बोलले की सोसायटीच्या सेक्रेटरीने माझी समजूत घालायला चहा मागवला.

झुले रंगवणं हे घरच्या पोरींचं काम. माझी मोठी बहीण सुनंदा, म्हणजे ताई, मोरांचे डोळे काढायची, कारण तिचा हात साफ. मला चढता यायचं म्हणून हात आणि दांडे माझ्याकडे. मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, उमरेडला दिली. मी कॉलेजात नुकती जायला लागले होते. पाऊस थांबल्यावर मी एकटीने नाव रंगवायला घेतली, तेव्हा बागेतल्या विहिरीच्या बाजूला असलेल्या हातावर, जिथे तो नावेच्या कडेला जोडलेला होता त्याच्या जरा वर, एक तपकिरी रेघ दिसली. केसाएवढी बारीक आणि आडवी. मी रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि वरून पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पांढऱ्यावर तीच रेघ, त्याच जागी. गंज पसरतो, डाग पडतो, हे मला माहीत होतं. इथे पसरत काही नव्हतं. सुईने आखल्यासारखी रेघ होती आणि तिच्यातून तपकिरी पाणी पाझरत होतं. मी नखाने चाचपून बघितलं. नख अडकलं.

मामाला बोलावलं. त्याने त्यावर वेल्डिंगचा एक जाड थर ओढला, चहा प्यायला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. मी रंग दिला. आठवडाभराने त्या थराच्या जरा खाली नवी रेघ आली, आधीच्या रेघेपेक्षा लांब. म्हणजे लोखंड फाटत होतं, आणि एका जागी शिवलं की बाजूला उसवत होतं. ज्या घरात कोणी कधी जुनं धोतर शिवलं असेल त्या घरात हे समजायला इंजिनिअर लागत नाही. आमच्या घरात मात्र कोणाला समजायचं नव्हतं.

आता घरची फेरी काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. पावसाळ्यात नाव आणि आकाशपाळणा बंद असत आणि दसऱ्याला उघडत. त्या दिवशी आमच्याकडे झुल्यांची पूजा व्हायची. प्रत्येक झुल्याला झेंडूचा हार, कुंकू, नारळ. फाटकाबाहेर ही गर्दी जमलेली. मग बाबा हातात माइक घेऊन कर्ण्यावरून बोलायचे, "मायबाप हो, पयले मालकाची बायको बसन, मालकाच्या पोरी बसतीन, मंग तुम्ही बसा. आमचा जीव तोच तुमचा जीव!" लोक टाळ्या वाजवायचे. आम्ही नवे कपडे घालून प्रत्येक झुल्यात एक फेरी घ्यायचो, बाबा स्वतः मोटरच्या खटक्याशी उभे राहायचे, आणि फेरी संपली की फाटक उघडायचं. ही आमची तपासणी. हेच प्रमाणपत्र. गावात या गोष्टीचं केवढं कौतुक होतं! याला म्हणतात मालक, पोटच्या पोरी आधी बसवतो. कोणाच्या डोक्यात आलं नाही की अहो, नावेत बसून आल्याने नाव धडधाकट असल्याचं कळत नाही, तेवढ्यापुरती ती तुटली नाही एवढंच कळतं. आणि घरची फेरी म्हणजे आई, आम्ही दोघी, एखादी आत्या. रिकामीच नाव ती. नंतर तिच्यात ठासून भरलेली, उड्या मारणारी कॉलेजची पोरं बसणार त्याचं काय? बाबा लोकांना फसवत होते असं म्हणता आलं असतं तर माझा राग कधीच निवाला असता. पण त्यांचा खरोखर विश्वास होता. त्यांना वाटायचं, आपण आपली माणसं पुढे केली की लोखंडाला लाज वाटेल.

त्या वर्षीचा दसरा म्हणजे ताईचा लग्नानंतरचा पहिला. जावई, विहीणबाई, त्यांच्याकडची चारपाच माणसं उमरेडहून येणार होती. बाबांनी ठरवून टाकलं होतं की यंदा घरच्या फेरीत जावई बसणार. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. मामाही पानावर होता.

"बाबा, मी उद्या नावेत बसत नाही. ताईले अन् भाऊजीलेही बसू देऊ नका."

"काहून?"

"विहिरीकडच्या हातावरची रेघ परत आली. मामानं जोडलं त्याच्या खाली."

"पाऊस झाला, गंज येते. रंग मार."

"दोनदा मारला."

"मंग अजून एकदा मार. मी सकाळीच ठोकून पाह्यलं. घंटीवानी वाजते."

मामा हसला. "मी जोडलेलं कधी सुटलं काय वं, मंदे? कॉलेजात गेली तं लयच शिकली तू."

"नाव उद्या बंद ठेवा ना बाबा. हात नवा बसवून घ्या. दिवाळीले चालू करा."

बाबांनी घास खाली ठेवला. "जावई पयल्या दसऱ्याले येऊन राहिला, अन् मी नाव बंद ठेवू? लोक म्हणतीन, यानं यंदा घरची फेरी काहून नाही केली? एक डाव लोकायच्या मनात आलं ना, का बाग पक्की नाही, मंग कुत्रं नाही येत फाटकात. तू गुमान बसशीन उद्या."

आई वाढत होती. तिने माझ्या पानात भाजी वाढली, मामाच्या पानात वाढली, आणि बाबांना अजून हवी का ते विचारलं. मला तिचाही इतका राग आला की मी ती भाजी तशीच टाकून उठले.

दसऱ्याला सकाळपासून पुरण शिजत होतं, वडाभाताची तयारी चालली होती. उमरेडची मंडळी एसटीने आली, बाबांनी जावयाला फेटा बांधला. भाऊजी साधा माणूस होता, त्याला फेट्याखाली नुसता घाम फुटला होता. आकाशपाळण्याची पूजा झाली, आम्ही सगळे बसलो, मीही बसले. चकरीत बसलो. मग नावेकडे वळलो. तिला दोन्हीकडून झेंडूचे हार, मोरांच्या कपाळाला कुंकू, आणि माझ्या त्या रेघेवर नेमका एक हार लोंबत होता. विहीणबाईंना मानाची जागा म्हणून अगदी टोकाला, मोराच्या मानेशी बसवलं. नाव सगळ्यात उंच जाते ती तिथे. ताई लग्नातला शालू नेसली होती. ती भाऊजींशेजारी बसली आणि मला हात करून हसत म्हणाली, "ये नं वं मंदे, लवकर!" बाबा माइक हातात घेऊन मोटरच्या खटक्याकडे निघाले. फाटकाबाहेर लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.

मी नावेत चढले नाही. मी खाली खड्ड्यात उतरले आणि त्या ट्रकच्या टायरला पाठ लावून बसले. ठरवलेलं असं काही नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मी इथे बसले तर टायर फिरवता येणार नाही, आणि टायर फिरलं नाही तर नाव हलणार नाही.

"मंदे, बाहेर निंघ," बाबा म्हणाले, आणि ते सगळ्या उमरेड रोडने ऐकलं, कारण माइक त्यांच्या हातात चालूच होता. "तमाशा नको करू. पाहुणे बसून हायेत." कर्णा गरजत होता. मी खालून ओरडत होते, "हात तुटला हाय बाबा! तो हार बाजूले करून पाहा!" पण माझा आवाज माइकपर्यंत पोचत नव्हता. म्हणजे गर्दीला ऐकू येत होता तो फक्त बाप, आणि वेडी पोरगी खड्ड्यात बसलेली. लोक हसायला लागले. कोणीतरी शिट्टी वाजवली. मामा खाली उतरला, माझा दंड धरून ओढायला लागला. मी टायरमागच्या लोखंडी दांड्याला मिठी मारली. नवं परकर-पोलकं ग्रीसने काळं झालं, कोपर सोलवटलं. मामाच्या तोंडाला विड्याचा वास येत होता आणि तो दातओठ खाऊन म्हणत होता, "माझी इज्जत घालवून राहिली तू, माझी!" त्याच्या इज्जतीपायी वर सगळं घर बसलं होतं. मी त्याला लाथ मारली. होय, सख्ख्या मामाला, सणाच्या दिवशी. त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

तेवढ्यात आई नावेतून उतरली. नेहमीप्रमाणे ती मधल्या बाकावर बसली होती. सगळ्यांना वाटलं, आता ही जाऊन पोरीच्या थोबाडीत देईल आणि विषय संपेल. मलाही तेच वाटलं. ती नवं लुगडं सावरत त्या तेलकट पायऱ्या उतरली, मामाला म्हणाली, "तू हो वर," आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हाताला पुरणाचा वास होता.

"सरक जराशी," ती म्हणाली.

मी सरकले. ती माझ्याशेजारी टायरला पाठ लावून बसली, पाय लांब केले आणि पदर डोक्यावरून घेतला.

बाबा खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा गर्दीकडे, आणि माइकचा खटका बंद केला. कर्ण्यातली घरघर थांबली. वर बाकांवरून माणसं उतरल्याचे आवाज येऊ लागले. विहीणबाई उतरताना म्हणाल्या, "असं हाय बाप्पा हे घर!" आणि ताई रडायला लागली. थोड्या वेळाने बाबांचा आवाज परत कर्ण्यावर आला, अगदी नेहमीसारखा गोड. नाव आज आराम करते, मायबाप हो, बाकीचे झुले चालू आहेत. फाटक उघडलं आणि लोक आत धावले. आम्ही दोघी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आई चुलीशी उरलेलं पुरण आटवत होती. मी विचारलं, "तुले माहीत होतं?" ती म्हणाली, "वर्षानुवर्षं बसून राहिली मी तिच्यात. तिचं अंग दुखते ते मले समजत नाही काय?" मग दर वर्षी बसायचीस कशाला, असं मी ओरडूनच विचारलं. ती पुरण ढवळत राहिली. म्हणाली, "तुम्हा पोरीयले तं तुमचा बाप बसवनच. मले वाटे, पडली तं मीही संगं असावी. मागं राहून काय करू?"

हे वाक्य मी आयुष्यात अनेकांना सांगून बघितलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आईची माया बघा, म्हणतात. मला त्या वाक्याचा संताप येतो, तेव्हाही आला होता. आमच्याबरोबर मरायची तिची तयारी होती, पण बाबांना "नाही" म्हणायची नव्हती. मी खड्ड्यात बसेपर्यंत नव्हती. आई, तू त्या दिवशी खाली उतरलीस म्हणून मी तुझ्या पायाशी लोळण घेईन. पण त्याआधीच्या प्रत्येक दसऱ्याचा हिशोब तुझ्याकडे मागितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही.

पुढे काय झालं? काहीच झालं नाही. नाव चालली नाही म्हणून तुटली नाही, आणि तुटली नाही म्हणून मी खोटी ठरले. घरात आजही ती गोष्ट "मंदाने सुनंदाचा पहिला दसरा नासवला" अशीच सांगतात. ताई सत्तरीला आली तरी तिच्या बोलण्यात तो कडवटपणा येतो. मी म्हणते, अगं, तू जिवंत आहेस म्हणून तुला कडवट बोलता येतं. ती म्हणते, कशावरून?

बाबांनी हात नवा बसवला नाही. बसवला असता तर मी बरोबर होते असं झालं असतं. नावेवर ताडपत्री पडली. दिवाळीनंतर कळलं की यात्रेतला एक झुलेवाला ती बघायला येणार आहे, गावोगावच्या यात्रांत झुले घेऊन फिरणारा. बाबा मला म्हणाले, रंगाचा एक हात मारून दे. मी नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतः रंगवली, फार मन लावून, मोरांच्या डोळ्यांसकट. ज्या सकाळी गिऱ्हाईक येणार त्या सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी खरवडणी घेतली आणि विहिरीकडच्या हातावरचा रंग तळहाताएवढ्या जागेत पार काढून टाकला. आत सगळे थर, पांढरा, निळा, पुन्हा पांढरा. खाली काळं लोखंड आणि त्याच्यात ती भेग. आता नख अडकत नव्हतं, नख आत जात होतं. आंधळ्यालाही सापडावी अशी ती जागा मी उघडी करून ठेवली आणि समोरच्या कठड्यावर बसून राहिले.

झुलेवाला गुबगुबीत, हसतमुख माणूस होता. त्याने नावेला एक चक्कर मारली आणि बरोब्बर त्या जागेशी थांबला. वाकून बघितलं, खिशातल्या किल्लीचं टोक भेगेत घालून फिरवलं आणि बाबांकडे बघून तोंडाने शीळ घातली. बाबांचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. आता ही नाव मोडीत जाईल. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. तो बाबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेला. थोडा वेळ दोघं बोलले. परत आला तेव्हा दोघंही हसत होते, कारण भाव थोडा खाली आला होता आणि सौदा झाला होता. माझं खरवडणं त्याला तेवढ्याच कामाचं होतं. नाव उतरवून ट्रकवर चढवली, मोराची डोकी पोत्यांत गुंडाळली, आणि तो ड्रायव्हरशेजारी चढता चढता आपल्या माणसाला म्हणाला, "पोचल्याबरोबर तेवढी खरवडलेली जागा रंगवून घेजो. लोक पाह्यतात."

मी ट्रकच्या मागे फाटकापर्यंत ओरडत गेले. कुठे घेऊन चाललात, कोणत्या गावाला, एवढंच मला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. बाबांना तेव्हा विचारलं, नंतर वर्षानुवर्षं विचारलं, ते म्हणायचे, आठवत नाही. शेवटच्या आजारपणात ते माझ्याकडेच होते. लकडगंजातल्या कुठल्या ओंडक्याचं कोणतं दार झालं आणि ते कोणाच्या घराला लागलं, हे ते पडल्या पडल्या सांगायचे. बाग मोडली तेव्हा आगगाडीचं इंजिन कोणी नेलं त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव सांगायचे. म्हणून एका दुपारी मी पुन्हा विचारलं, "बाबा, नाव कुठं गेली?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "याद नाही वं," म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते. मी त्यांना चमच्याने पाणी पाजलं, उशी सरळ केली आणि परत विचारलं.